देवदारी फळीवरची यंत्र-सुतारी

सुतार फळीवर रंधा मारीत असतां मध्येंच थांबतो, फळी उलट्या बाजूनें फिरवून घेतो आणि पुन्हा रंधा मारूं लागतो. पाहणाराला त्यांत विशेष कांहीं दिसत नाहीं. परंतु त्या क्षणीं सुताराच्या तळहाताला एक बातमी पोंचलेली असते: लांकडाची रेषा येथें उलटी वळली आहे, असेंच पुढें गेल्यास सालपट निघण्याऐवजीं ढलपा उडेल. संगणकाच्या आंकड्यांवर चालणारें जें यंत्र आज कित्येक घरांतून दिसूं लागलें आहे आणि ज्याला सी. एन. सी. या आद्याक्षरांनीं ओळखतात, त्याला ही बातमी कधींच पोंचत नाहीं. तें सांगितलेल्या ठिकाणीं सांगितलेल्या गतीनें जातें. वाटेंत गांठ असो, खिळा असो, अथवा फळीच निसटून बाजूला गेलेली असो, त्याचा क्रम बदलत नाहीं. घरीं हें काम शिकूं पाहणाराची सारी अडचण, आणि खरें पाहतां सारी गंमतहि, या एका गोष्टींत आहे.

अशा यंत्राचा उगम मुळींच घरगुती नव्हे. अमेरिकेंत मिशिगन राज्यांत जॉन पार्सन्स या कारखानदाराकडे हेलिकॉप्टरच्या पात्यांचें काम होतें. वक्ररेषेवरील बिंदूंचे आंकडे काढावे आणि त्या आंकड्यांवरूनच धातु कातावा, ही कल्पना त्यानें पुढें आणली. १९४९ सालीं अमेरिकन हवाई दलानें तिच्यासाठीं पैसा दिला. आणि १९५२ सालीं मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेच्या प्रयोगशाळेंत, भोंकें पाडलेल्या कागदी फितीवरून हुकूम घेणारें मिलिंग यंत्र चालवून दाखविण्यांत आलें. त्या यंत्राचें नियंत्रण करावयास निर्वात-नळ्यांनीं भरलेलें कपाट लागे. पुढें २००९ सालीं सिमेन स्वाले स्कोग्सरूड या नॉर्वेजियन गृहस्थानें ‘ग्रबल’ नांवाची आज्ञावली लिहून सर्वांना मोफत खुली केली, आणि त्या कपाटाचें काम तळहातावर मावणाऱ्या आर्ड्विनो पट्टीवर होऊं लागलें. महाराष्ट्राला हा विषय अगदीं नवखा नाहीं. पुणें जिल्ह्यांत पाबळ येथें डॉ. श्रीनाथ कलबाग यांनीं १९८३ सालीं स्थापिलेल्या विज्ञान आश्रमांत २००२ सालीं ‘फॅब लॅब’ निघाली, आणि अमेरिकेंतील मूळ संस्थेच्या बाहेर निघालेल्या या जातीच्या पहिल्या कर्मशाळांत तिची गणना होते.

घरगुती यंत्रांपैकीं ३०१८ या नांवानें जें विकलें जातें, त्याच्या नांवांतच त्याची मर्यादा सांगितलेली आहे: ३० सेंटिमीटर लांब आणि १८ सेंटिमीटर रुंद एवढ्याच जागेंत त्याचा बिट फिरूं शकतो. डावें-उजवें, मागें-पुढें आणि वर-खालीं या तीन दिशांना तीन मोटारी असतात. त्या सलग फिरत नाहींत, पावलें टाकीत फिरतात. एका फेऱ्याला २०० पावलें. नियंत्रक प्रत्येक पावलाचे १६ भाग करतो, म्हणजे फेऱ्याचे ३,२०० भाग झाले. मोटारीला जोडलेला स्क्रू एका फेऱ्यांत ४ मिलिमीटर पुढें नेत असेल, तर एका मिलिमीटरला ८०० बारीक पावलें पडतात. हा हिशेब ऐकून कोणालाहि वाटावें, कीं आतां चूक होणार तरी कशी? ती होते अशी. बिटाला लांकडानें अडविलें आणि मोटारीचीं कांहीं पावलें चुकलीं, तरी नियंत्रकाच्या खात्यावर तीं टाकलेलीं म्हणूनच मांडलीं जातात. तेथून पुढचें सर्व काम तितक्या अंतरानें सरकून होतें, आणि यंत्र शेवटपर्यंत मोठ्या समाधानानें चालत राहतें.

एखाद्या कुटुंबांत, जुना वाडा उतरवितांना राखून ठेवलेली सागवानी दाराची एक फळी आहे असें समजावें. तिच्यावर घराण्याचें नांव उठावाच्या अक्षरांत कोरून ती पाटी नव्या बिऱ्हाडाच्या दाराशीं लावावी, ही इच्छा अगदीं रास्त आहे. परंतु फळी एकच आहे. तशी दुसरी पैसे देऊनहि मिळावयाची नाहीं, कारण तिच्या किंमतींत आजोबांचा हात लागलेली कडी आणि पन्नास दिवाळ्यांचा तेलकट हात धरलेला असतो. अशा वेळीं आधीं स्वस्त वस्तूवर हात बसवावा, हें कोणीहि सांगेल. जें सहसा सांगितलें जात नाहीं तें निराळें आहे: प्रत्येक स्वस्त वस्तु एक गोष्ट खरी शिकविते आणि दुसरी लपवून ठेवते. कोणती वस्तु काय लपविते हें ज्याला ठाऊक नाहीं, त्याचा सराव कितीहि झाला तरी सागवानावर तो फसतो.

सर्वांत स्वस्त साहित्य म्हणजे रद्दीचा कागद. बिटाच्या जागीं बॉलपेन बांधावें, स्पिंडलची मोटार बंद ठेवावी, आणि १०० मिलिमीटर बाजूचा एक चौरस काढवून घ्यावा. मग पोलादी पट्टीनें बाजू मोजाव्या आणि कर्णहि मोजावे. दोन्ही कर्ण १४१.४ मिलिमीटर भरले तर यंत्र काटकोनांत आहे. बाजू बरोबर असून एक कर्ण दुसऱ्याहून लांब असेल, तर सांगाडाच तिरका बसला आहे. बाजूच ९८ भरत असेल, तर पावलांचा आंकडा चुकीचा भरलेला आहे. नांव आरशांतल्यासारखें उलटें उमटलें, तर एका दिशेची मोटार उलटी जोडली गेली आहे. अक्षरें पंचवीसपट मोठीं निघूं लागलीं, तर इंच आणि मिलिमीटर यांची गफलत आहे. या सगळ्या चुका कागदावर फुकट होतात, आणि सागवानावर त्यांतली एकहि परवडत नाहीं.

मराठी अक्षरांची एक खोड याच कागदावर उघडी पडते. इंकस्केपसारख्या मोफत साधनांत नांव लिहून त्याच्या बाह्यरेषा काढल्या, कीं प्रत्येक अक्षराची शिरोरेषा शेजारच्या अक्षराच्या शिरोरेषेवर किंचित् चढलेली असते. डोळ्याला ती एकच सलग रेघ दिसते. यंत्राला मात्र दोन वेगळ्या आकृति दिसतात, आणि तें दोहोंच्या कडा प्रामाणिकपणें फिरून येतें. कागदावर शिरोरेषेच्या आंत बारीक उभ्या रेघा आलेल्या दिसल्या, कीं सर्व आकृति आधीं एकजीव करून घ्यावयाच्या राहिल्या असें समजावें. रोमन अक्षरें सुटीं असल्यामुळें इंग्रजी पुस्तकांतून शिकणाराला ही अडचण सहसा भेटत नाहीं.

कागद खोलीविषयीं मुका आहे. खोली शिकावयास थर्मोकोल बरा. गणपतीच्या मखरांतून त्याला महाराष्ट्रांत २०१८ सालच्या बंदीनें घालविलें खरें, पण फ्रिजच्या किंवा दूरदर्शन-संचाच्या खोक्यांतून तो घरांत येतच असतो. बिट खालीं उतरण्याऐवजीं वर जाणें, किंवा वर उचलावयाचें विसरून आडवा ओढला जाणें, या चुका थर्मोकोलांत झाल्या तर बिट तुटत नाहीं. शून्य कोठें धरावें हेंहि येथेंच कळतें. बिट हळूहळू खालीं आणीत त्याच्या टोंकाखालीं एक साधा कागदाचा तुकडा सरकवीत राहावें. कागद अडकूं लागला कीं टोंक पृष्ठभागापासून सुमारें ०.१ मिलिमीटरवर आलें. मात्र थर्मोकोल प्रतिकार मुळींच करीत नाहीं. कोणतीहि गति त्याला चालते, आणि त्यामुळें गतीसंबंधीं तो जें शिकवितो तें सारें खोटें असतें.

यानंतर एम. डी. एफ. सुताराच्या दुकानाच्या कोपऱ्यांत याचे हातभर तुकडे पडलेले असतात आणि मागितले तर बहुधा तो हंसून देतो. लांकडाचे बारीक तंतु राळेंत दाबून केलेली ही फळी आरपार एकसारखी असते. तिला ना रेषा, ना गांठ. म्हणून मापाचे प्रयोग हिच्यावर करावे. २० मिलिमीटरची चौकोनी खोबण आणि २० मिलिमीटरचाच ठोकळा कापून पाहावा. तो आंत जात नाहीं. ठोकळा दशांश-दशांश मिलिमीटरनें लहान करीत कोणत्या मापाला तो हातानें घट्ट बसतो तें पाहून टिपून ठेवावें. तो आंकडा त्या यंत्राचा स्वभाव होय, आणि तो कोणत्याहि पुस्तकांत मिळत नाहीं.

खोदीव अक्षरांसाठीं जो निमुळता बिट वापरतात, त्याचाहि धडा येथें घ्यावा. ९० अंशांचा बिट जितका खोल जातो त्याच्या दुप्पट रुंद खांच पाडतो. म्हणजे फळी एका टोंकाला अर्धा मिलिमीटर उंच असली, तर तेथील रेघ एक मिलिमीटर जाड होते. बारीक अक्षरांत हा फरक नांव बिघडविण्यास पुरेसा आहे. यास्तव यंत्राच्या मंचावर एम. डी. एफ.ची एक टाकाऊ फळी कायमची बसवून यंत्राकडूनच ती सपाट तासून घ्यावी, आणि पुढचें प्रत्येक काम तिच्यावर ठेवावें. आरपार कापतांना बिट मंचांत न जातां या फळींत जातो, हा आणखी एक फायदा.

एम. डी. एफ.ची स्वस्ताई एका ठिकाणीं महाग पडते. तिची धूळ पिठाहून बारीक असते, आणि तिच्यांतील राळेंत बहुधा फॉर्माल्डिहाइड असतें. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनें लांकडाच्या धुळीला १९९५ सालीं मनुष्यास कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटांत घातलें, आणि पुढें फॉर्माल्डिहाइडलाहि त्याच गटांत स्थान मिळालें. दोन खोल्यांच्या बिऱ्हाडांत, जेथें शेजारीं मूल झोंपतें आणि पलीकडे पोळ्या लाटल्या जातात, तेथें ही गोष्ट हंसण्यावारी नेतां येत नाहीं. यंत्रावर पुठ्ठ्याची किंवा प्लायवूडची बंद पेटी, तिच्यांत धूळ ओढणारी नळी, आणि नाकावर एन-९५ जातीचा मुखपट्टा, एवढी सोय झाल्यावांचून हें काम घरांत करूं नये. ज्याला ती जमत नसेल त्यानें एम. डी. एफ.चा मोह सोडून सरळ पुढच्या साहित्याकडे जावें. कांहीं फारसें बिघडत नाहीं.

पुढचें साहित्य म्हणजे देवदारी खोकें. जुन्या लोकांच्या तोंडीं रुळलेला हा शब्द आतां परदेशी पाईनच्या पॅलेटलाहि लावतात, आणि लावावयास हरकत नाहीं. खरी शाळा येथें सुरू होते. पॅलेटवर गव्हाच्या लोंबीच्या चिन्हाशेजारीं दोन रोमन अक्षरें भाजलेलीं असतात. एच. टी. असल्यास लांकूड उष्णतेनें कीटकमुक्त केलेलें आहे, एम. बी. असल्यास मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूनें. पहिलें घ्यावें, दुसरें सोडावें. सोलून काढलेल्या पट्टीवरून लोहचुंबक सावकाश फिरवावा, कारण डोकें मोडलेला खिळा आंत राहिला असेल तर तो बिटाला सोडणार नाहीं, आणि तुटलेलें टोंक कोठें उडेल याचा नेम नसतो. डोळ्यांना जाड चष्मा हवाच.

देवदारी पट्टी वांकडी असते, गांठाळ असते, ओलसरहि असते. हे तिचे दोष नव्हेत, हा तिचा पाठ्यक्रम आहे. पाटीवर उठावाचीं अक्षरें काढावयाचीं म्हणजे अक्षरें शिल्लक ठेवून भोंवतालचें लांकूड कोरून टाकावयाचें. पाटी आडवी असते, म्हणून लांकडाची रेषाहि आडवी धांवते. शिरोरेषा रेषेबरोबरच जाते. तिच्यांतले तंतु तिच्या सबंध लांबीचे असतात, त्यामुळें ती चिवट राहते. परंतु काना म्हणजे उभा दांडा. तो रेषेला छेदून उभा राहतो, आणि ३ मिलिमीटर रुंदीच्या दांड्यांत प्रत्येक तंतु अवघा ३ मिलिमीटर लांब उरतो. बोटाचा धक्का लागतांच असा दांडा बिस्किटासारखा मोडतो. ‘व’ आणि ‘ब’ यांच्या पोटांतहि अशीच नाजूक जागा असते. एम. डी. एफ.वर हेंच नांव सुरेख उतरलेलें असतें, म्हणून नवशिका बिटाला दोष देतो. वस्तुतः दोष अक्षराच्या जाडीचा असतो. दांडे जाड करावे, उठाव कमी ठेवावा, सर्वांत बारीक अक्षरें टाळावीं, हे तिन्ही उपाय देवदारी पट्टीचे दोन-चार तुकडे मोडल्याखेरीज मनावर ठसत नाहींत.

गतीचा धडाहि हीच पट्टी देते. बिटाला दोन धारा असून तो मिनिटाला १०,००० फेरे घेत असेल, आणि प्रत्येक धारेनें ०.०५ मिलिमीटर जाडीचा छिलका काढावा अशी अपेक्षा असेल, तर बिट मिनिटाला १,००० मिलिमीटर पुढें सरकला पाहिजे. नवशिका भीतीनें ही गति पांचवा हिस्सा ठेवतो. त्यामुळें काम सुरक्षित होत नाहीं. धारा कापण्याऐवजीं घांसूं लागतात, जळका वास येतो, आणि खोबणीच्या कडा काळ्या पडतात. छोट्या यंत्राला झेपत नसेल तर गति नव्हे, खोली कमी करावी: एका फेरींत अर्धा मिलिमीटर, फार तर एक. खालीं पडणारा चुरा चिमटींत घेऊन पाहावा. बारीक छिलके असले तर ठीक; पीठ असलें तर बिट घांसतो आहे. चिमटीची ही परीक्षा एम. डी. एफ.वर करतां येत नाहीं, कारण तिचें नेहमींच पीठ होतें. कानहि तयार होतो. गांठ आली कीं स्पिंडलचा सूर खालीं उतरतो, आणि दहा-वीस गांठी ऐकलेल्या माणसाचा हात त्या सुराबरोबर थांबविण्याच्या खटक्याकडे जातो.

म्हणून यंत्र चालू असतां खोली सोडून जाऊं नये. भुशाच्या ढिगांत पडलेली एक ठिणगी बराच वेळ धुमसत राहूं शकते, आणि धूळ ओढणाऱ्या पिशवींत ती दिसतहि नाहीं. ओढणी, पदर, मोकळे केस आणि हातमोजे फिरत्या बिटाजवळ असूं नयेत. हातमोजा संरक्षण करीत नाहीं, बोट आंत ओढतो.

फळी धरून ठेवण्याची एक स्वस्त युक्ति सांगण्यासारखी आहे. मंचावरील फळीला आणि कामाच्या पट्टीच्या पाठीला कागदी चिकटपट्टी लावावी, आणि दोन चिकटपट्ट्यांच्या मध्यें झटपट चिकटणाऱ्या गोंदाचे थेंब सोडून दाबावें. लोखंडी पकड वाटेंत येत नाहीं, आणि काम झाल्यावर दोन्ही पट्ट्या सोलून निघतात. ओल्या किंवा धुळीनें माखलेल्या लांकडावर ही युक्ति धरत नाहीं.

प्लायवूडविषयीं थोडक्यांत सांगावयाचें तर, उठावाच्या कामाला तें निरुपयोगी. थर उघडे पडतात आणि स्वस्त प्रतीच्या पोटांत पोकळ्या निघतात. खोकीं, कप्पे आणि सांगाडे यांसाठीं तें घ्यावें.

देवदारीनंतर एकदम सागवानाकडे जाण्यापेक्षां मध्यें आंब्याचें लांकूड घ्यावें. वखारींत त्याचे तुकडे स्वस्तांत मिळतात. कोंकणांत राहणाराला पांगाराहि मिळूं शकेल. सावंतवाडीच्या लांकडी खेळण्यांना पांगाऱ्याचें हलकें, मऊ लांकूड पूर्वींपासून वापरीत आले आहेत. तें मऊ असल्यानें बोथट धारेखालीं कापलें न जातां दबतें आणि लोंकरीसारखें फुलून येतें, त्यामुळें धार गेली कीं तें लागलीच चुगली करतें. आंब्याची रेषा जागोजागीं उलटते. एकाच अक्षराच्या डाव्या कडेला गुळगुळीत आणि उजव्या कडेला खरबरीत काम आलें, कीं बिट कोणत्या दिशेनें फिरवावा याचा विचार करणें भाग पडतें. सागवानाच्या मानानें आंबा काकणभर अधिकच त्रासदायक आहे, आणि सरावाला असेंच लांकूड असावें.

यांतून पार पडलेल्या घरीं सागवानी फळी यंत्रावर चढवावयास हरकत नाहीं. दारांतली फळी म्हणजे लोहचुंबक पुन्हा एकवार फिरवावा. सागवानांत वाळूच्या जातीचें सिलिका असतें आणि तें धार लवकर खातें. म्हणून सरावांत झिजलेला बिट काढून कोरा लावावा. फळीच्या पाठीवर एक अक्षर आधीं कोरून पाहावें, कारण त्या फळीसारखें सरावाचें साहित्य दुसरें नाहीं आणि तें आधींच घरांत आहे. एवढें करूनहि बिट गोल असल्यामुळें आंतले कोपरे गोलच राहतात: ३.१७५ मिलिमीटरच्या बिटानें सुमारें १.६ मिलिमीटर त्रिज्येचे. काना शिरोरेषेला जेथें मिळतो तेथें ही गोलाई डोळ्यांत भरते, आणि ती पटाशीनें, हातानेंच काढावी लागते.

पाटीला तेल लावून दाराशीं बसवितांना वरचीं दोन भोंकें गोल ठेवावीं, खालचीं दोन उभीं लंबगोल. पावसाळ्यांत सागवानहि रेषेच्या आडव्या दिशेनें थोडें फुगतें आणि उन्हाळ्यांत आकसतें. स्क्रूला सरकावयास जागा राहिली तर पाटी चिरत नाहीं.